शिनोबूला खलनायिका म्हणण्याआधी तिचा हात पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जपानी चित्रकथांमधील प्रतिस्पर्ध्यांवर लेख आला आहे. 'चिहायाफुरू'मधल्या वाकामिया शिनोबूला त्यात 'थंड रक्ताची खलनायिका' म्हटले आहे. ती जिंकते याचे कारण 'छायाचित्रासारखी स्मरणशक्ती' असे एका ओळीत सांगून लेख पुढच्या पात्राकडे वळला. ही दोन्ही विधाने आम्हाला खटकली, दुसरे जास्त. ती खेळते तो करुता हा खेळच नीट समजून घेतला नाही, तर त्यातला प्रतिस्पर्धी नुसता गर्विष्ठ वाटणारच. युकी सुएत्सुगु यांची ही मालिका २००७ ते २०२२ अशी पंधरा वर्षे चालली आणि ५० खंडांत पूर्ण झाली. त्यातली शिनोबू इतक्या बारकाईने रचलेली आहे, की तिचा स्वभाव तिच्या बोलण्याइतकाच तिच्या हाताच्या हालचालीतून कळतो.

आधी लेखात करुतासाठी वापरलेल्या 'पत्त्यांचा खेळ' या शब्दाबद्दल. करुता हे नाव पोर्तुगीज 'कार्ता'वरून आले हे खरे, पण इथे हुकूम-बदाम नाहीत आणि हातात लपवून धरायचे असेही काही नाही. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइका याने शंभर कवींची प्रत्येकी एक अशी शंभर पदे निवडली. तो संग्रह म्हणजे 'ओगुरा ह्याकुनिन इश्शू', आणि हा खेळ त्यावर उभा आहे. प्रत्येक पदात पाच चरण, ५-७-५-७-७ अशी ३१ अक्षरे. पदे मोठ्याने म्हणणाऱ्या वाचकाकडच्या पानांवर पूर्ण पद असते. चटईवर मांडलेल्या पानांवर फक्त शेवटचे दोन चरण. वाचक पदाचा आरंभ म्हणतो आणि खेळाडूंनी त्याच पदाचा शेवट लिहिलेले पान आधी घ्यायचे.

शंभरातली ५० पानेच डावात असतात, प्रत्येकाच्या बाजूला २५. उरलेल्या ५० पानांची पदे वाचली जातात, पण ती पाने चटईवर नसतात. त्यांना 'काराफुदा', म्हणजे रिकामी पाने म्हणतात. मांडणी पाठ करायला १५ मिनिटे मिळतात. त्यातल्या शेवटच्या दोन मिनिटांत हात हवेत फिरवून सराव करता येतो. मग शंभरांत नसलेले 'नानिवाझु नि' हे पद सुरुवातीला म्हटले जाते. त्यानंतर दर वेळी आधीच्या पदाचे शेवटचे चरण, एक सेकंदाची शांतता, आणि नव्या पदाचे पहिले अक्षर. आपल्या बाजूची पाने ज्याची आधी संपतील तो जिंकला.

आता स्मरणशक्तीचा मुद्दा. शंभर पदे तोंडपाठ नसतील तर या स्पर्धेत बसण्यात अर्थच नाही. मालिकेची नायिका चिहाया हिलाही ती पाठ आहेत, शिनोबूलाही. पन्नास पानांच्या जागा दोघीही त्याच १५ मिनिटांत लक्षात ठेवतात. उलट, अवघड काम विसरण्याचे आहे. एका दिवसात लागोपाठ डाव खेळायचे असतात आणि प्रत्येक डावात मांडणी नवी. मागच्या डावात उजव्या कोपऱ्यात असलेले पान या डावात डावीकडे आहे हे डोक्याला माहीत असते, पण थकलेला हात जुन्या जागेकडे जातो. अशा चुका उशिराच्या फेऱ्यांत वाढतात त्या यामुळेच. छायाचित्रासारखी स्मृती इथे उलट अडचणच करील.

खरी लढाई असते ती 'किमारिजी'ची, म्हणजे निर्णायक अक्षराची. पद ओळखायला सुरुवातीची किती अक्षरे ऐकावी लागतात, याचा हा हिशेब. मु, सु, मे, फु, सा, हो, से या अक्षरांनी सुरू होणारे प्रत्येकी एकच पद आहे, म्हणजे ही सात पदे पहिल्या अक्षरालाच कळतात. दोन अक्षरांवर कळणारी ४२, तीनवर ३७, चारवर सहा, पाचवर दोन आणि सहा अक्षरे ऐकल्याशिवाय न कळणारी सहा. (जपानी लिपीतले एक चिन्ह बहुतेक वेळा आपल्या एका अक्षराएवढे असल्याने हे गणित देवनागरीत फार सरळ दिसते.) 'चि'ने सुरू होणारी तीन पदे घ्या: 'चिहा' ऐकले की एक नक्की झाले, पण 'चिगिरि'पर्यंत दुसरी दोन सारखीच, चौथे अक्षर 'कि' की 'ओ' यावर निर्णय.

आणि हा हिशेब डावभर बदलत राहतो. 'शि'ची पदे दोनच आहेत, 'शिरात्सुयु' आणि 'शिनोबुरेदो'. 'शिरात्सुयु' एकदा वाचून झाले, मग ते चटईवर असो वा रिकाम्या पानांत, की उरलेले पद एकट्या 'शि'वरच कळते. म्हणून चटईवर नसलेली पदेही मनात खोडत जावी लागतात. हे राहून गेले तर खेळाडू दुसऱ्या अक्षराची वाट पाहत बसतो आणि तेवढ्यात पान गेलेले असते.

चित्रकथेतले तीन मोठे खेळाडू या एकाच कोड्याची तीन वेगळी उत्तरे आहेत. चिहायाचे बळ तिचा कान. अक्षर पूर्ण उच्चारले जाण्याआधीच तिला त्याची चाहूल लागते. नुसता 'स' कानावर पडला तरी सु, सा, से ही तीनच पाने उरतात, कारण 'शि'चा 'श' वेगळा. नियमाने पहिल्याच अक्षराला कळणारी पाने सात, पण तिला तशी वीस कळतात. मेइजिन, म्हणजे पुरुषांतला किताबधारी, असलेल्या सुओला अठ्ठावीस. शिनोबू या शर्यतीत उतरतच नाही. तिचे बळ बोटांच्या टोकांत आहे.

इथे नियम माहीत असायला हवा. वाचलेले पान ज्या बाजूला आहे, त्या बाजूच्या इतर पानांना हात लागला तर तो दोष नाही. म्हणून बहुतेक वेगवान खेळाडू 'हाराइ' करतात: हात सपकन फिरवून त्या पानासकट शेजारची चार-पाच पाने सीमेबाहेर उडवून देतात. बाहेर पूर्ण गेलेले पान घेतलेले धरले जाते. यात अंदाज थोडा चुकला तरी चालते. मात्र नंतर उडालेली पाने गोळा करून जागच्या जागी लावावी लागतात आणि तेवढ्यात एकाग्रता मोडते. शिनोबूचा हात सरळ त्या एका पानाच्या कडेला जातो. तेच पान सरकते, शेजारचे जागचे हलत नाही, आवाज होत नाही. लेखात ज्याला 'गूढ शांतता' म्हटले आहे ती ही. हात वळणाऐवजी सरळ रेषेत गेला की अंतर कमी होते, आणि त्यामुळे कान किंचित मागे असूनही ती आधी पोहोचते. किंमत अशी, की दोन-तीन मिलिमीटर चुकले तर हातात काहीच नाही. झाडून घेणाऱ्याला मिळणारी सूट तिला नाही.

थांबता येणे हा दुसरा फायदा, आणि आमच्या मते तोच मोठा. वाचलेले पान ज्या बाजूला नाही त्या बाजूच्या पानाला हात लागला, किंवा रिकामे पान वाचले गेले असताना कुठल्याही पानाला लागला, तर तो 'ओतेत्सुकी'. प्रतिस्पर्धी लगेच आपले एक पान तुमच्याकडे देतो. सुरुवातीची चिहाया इथेच मार खाते. कान पुढे धावतो, हात त्याच्या मागोमाग सुटतो आणि मग आवरता येत नाही. 'उका' आणि 'उरा' ही जोडी घ्या. दोन्ही पाने एकाच बाजूला असतील तर 'उ' ऐकताच दोन्ही उडवावीत, दोष लागत नाही. एक इकडे आणि एक तिकडे असेल तर दुसऱ्या अक्षरापर्यंत हात रोखावाच लागतो. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या बाजूचे पान घेतल्यावर आपले कोणते पान त्याच्याकडे पाठवायचे, यात अर्धा डाव असतो. आकडा पाहिला तर पान आपल्या बाजूचे घ्या की समोरचे, आपले एकच कमी होते. पण समोरचे घेतले तर पाठवायचे पान निवडण्याचा अधिकार मिळतो: जोडी फोडायची, की आपल्या हाताला सोपे पडणारे पान हल्ल्यासाठी समोर ठेवायचे.

पहिल्या भेटीत चिहाया शिनोबूकडून २० पानांनी हरते. म्हणजे शिनोबूची बाजू रिकामी झाली तेव्हा चिहायासमोर अजून वीस पाने पडून होती. एवढा फरक नुसत्या वेगाने पडत नाही. हे सारे गणित लक्षात घेतले की त्या पराभवातली लाज आणि ओढ दोन्ही कळतात.

या मालिकेच्या नावाचा अर्थही इथेच लागतो. 'चिहायाबुरु' हे देवांसाठीचे जुने विशेषण. त्याचा अर्थ कथेत भोवऱ्याच्या उदाहरणाने सांगितला आहे: डगमगत फिरणाऱ्या भोवऱ्याची शक्ती वेगळी, आणि इतक्या वेगाने, इतका समतोल फिरणाऱ्या भोवऱ्याची वेगळी की तो स्थिर उभा आहे असे वाटावे. हे नाव नायिकेला मिळाले, पण ती अवस्था चिहायाच्या कितीतरी आधी शिनोबूच्या हातात दिसते. खलनायिकेला कुणी लेखिका असे देणे देत नाही.

तिचा एकटेपणा लेखात 'माणूसघाणेपणा' म्हणून आला आहे. क्योतोच्या या मुलीला तिच्या गुरूंनी, इसे-सेन्सेईंनी, लहानपणी बरोबरीच्या मुलांबरोबर खेळू दिले नाही. त्यांच्यात मिसळली तर तिची धार जाईल असे त्यांना वाटले. मग तिने पानांनाच सोबती केले. शंभर पदे तिला शंभर छोट्या व्यक्तींसारखी दिसतात. त्या वयात चिहायाचा बालमित्र आराता याने तिला हरवले आणि पुढे ती त्याचीच वाट पाहत राहिली. संघाच्या सामन्यांना ती पोरखेळ समजते. हे सगळे तिच्या खेळात उतरते. पानाशी तिचे नाते इतके घट्ट आहे की चटईपलीकडच्या माणसाकडे ती बघतच नाही. पण कोणते पान पाठवावे, जोडी कुठे फोडावी, समोरचा कशाने बिथरेल हे प्रश्न माणसाचे आहेत. तिची कमजोर बाजू असेल तर ती इथे, आणि चिहायाशी होणारे पुढचे सामने तिला हळूहळू मान वर करून समोर पाहायला लावतात. मालिकेचा शेवट ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी तो इथे सांगत नाही.

तिच्या नावाबद्दल लेखात काहीच नव्हते, म्हणून थोडे विस्ताराने. 'शिनोबुरेदो' हे संग्रहातले ४० वे पद, कवी ताइरा नो कानेमोरी. आशय असा: लपवू पाहिले तरी माझे प्रेम चेहऱ्यावर उमटलेच, कसल्या विचारात आहेस असे लोक विचारू लागेपर्यंत. सन ९६० मध्ये राजवाड्यातल्या काव्यस्पर्धेत हे पद मिबु नो तादामीच्या पदासमोर उभे राहिले. विषय एकच, लपवलेले प्रेम. पंचांना निवड करता येईना. तेव्हा सम्राट मुराकामी यांनी कानेमोरीचे पद हलकेच पुटपुटले आणि त्यावरून निकाल लागला, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. हरलेले पद तेइकाने लगेच पुढे, ४१ व्या क्रमांकावर ठेवले. एका प्रतिस्पर्धी मुलीचे नाव जिथून सुरू होते ते पद स्वतःच एका चुरशीतून आलेले आहे, आणि त्याचा प्रतिस्पर्धी त्याच्या शेजारीच बसला आहे. चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्या शिनोबूसाठी याहून नेमके पद शंभरांत नाही.

शाळकरी मुलगी देशातली अव्वल खेळाडू होणे ही 'चित्रकथेतली अतिशयोक्ती' असे लेखात म्हटले आहे. तसे नाही. कुसुनोकी साकी २००५ मध्ये १५ व्या वर्षी क्वीन झाल्या आणि २०१४ पर्यंत सलग दहा वेळा किताब त्यांच्याकडे राहिला. क्वीन हा महिला विजेतीचा अधिकृत किताब आहे, जपानीतही तसेच म्हणतात. त्याचे 'राणी' करू नये. महिलांची ही किताबाची लढत १९५७ पासून होते, आणि ती दर जानेवारीत शिगा प्रांतातल्या ओत्सु येथील ओमी मंदिरात खेळली जाते. त्या मंदिराचे दैवत सम्राट तेन्जी. संग्रहातले पहिले पद त्यांचेच.

शेवटी लेखासोबतच्या चौकटीतली, पानांच्या मांडणीची आकृती. त्यात सगळी पाने एकाच दिशेने वाचता येतील अशी काढली आहेत. प्रत्यक्षात प्रत्येकाची २५ पाने त्याच्याकडे तोंड करून असतात, म्हणून समोरची पाने उलटी वाचावी लागतात. प्रत्येक बाजूची रुंदी ८७ सेंटीमीटर, ओळी तीन, दोन ओळींमधले अंतर १ सेंटीमीटर आणि दोन बाजूंमधली मोकळी पट्टी ३ सेंटीमीटर. आकृतीत ही पट्टी हातभर रुंद दिसते. तशी ती असती तर शिनोबूचा हात समोरच्या बाजूला जाऊन आवाज न करता परत आलाच नसता. दुरुस्त आकृती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपले,
काही नियमित वाचक