एकट्या बाईचा दरोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या शेवटच्या पानावर अमेरिकेतली एक छोटी बातमी होती. एका बाईने मोठ्या दुकानात पिशवीत कपडे भरले, पैसे न देता निघाली आणि दाराशी पकडली गेली. तिच्यावर 'लार्सनी'चा, म्हणजे चोरीचा, गुन्हा लागला असे आत लिहिले आहे. वर मथळा मात्र 'अमेरिकेत दुकानावर दरोडा'! दरोड्याला आपल्या कायद्यात किमान पाच माणसे लागतात. ही एकटी. धाक नाही, मारहाण नाही, साधी ढकलाढकली नाही. उरलेले चौघे आपल्या उपसंपादकांनी कुठून आणले ते कळवावे.

मी वकील नाही. नवी पेठेत एका जिन्याखाली माझे घड्याळदुरुस्तीचे टेबल आहे, चौतीस वर्षे झाली. पण चोरी कशाला म्हणतात हे मला एका गिऱ्हाइकाने शिकवले.

दहा-बारा वर्षांपूर्वी एक गृहस्थ एचएमटीचे चावीचे घड्याळ घेऊन आले. काच तडकलेली, आत धूळ आणि वाळलेले तेल. साडेतीनशे रुपये ठरले. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा माझ्या डोळ्याला भिंग आणि चिमट्यात खसखशीएवढा स्क्रू. अशा वेळी मान वर केली की स्क्रू गेलाच, मग दिवसभर फरशी चाचपत बसा. त्यांनी ताटलीतले घड्याळ उचलले, कानाला लावून टिकटिक ऐकली, मनगटाला बांधले आणि चालू लागले.

"ओ, पैसे?"

"माझंच घड्याळ हाय की ओ! मी काय चोरलो व्हय?"

शेजारचा चहावाला हसला. स्वतःची वस्तू कोण चोरतो? मलाही तेच वाटले. संध्याकाळी सेल बदलायला एक वकीलसाहेब आले, त्यांना सांगितले. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन आले आणि तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या चोरीच्या कलम ३७८ खालची उदाहरणे वाचून दाखवली. १८६० सालच्या कायद्यात चक्क घड्याळदुरुस्ती! एकाने घड्याळ ठीक करायला दिले, मजुरीचे काही देणे नाही आणि त्याने ते दुकानातून जोर करूनही नेले, तर दुसरे काही गुन्हे होतील, पण चोरी नाही. मात्र मजुरी बाकी आहे, दुकानदाराने त्यासाठी घड्याळ अडवून ठेवले आहे आणि ती बुडवायची म्हणून मालकाने ते उचलले, तर ती चोरी. घड्याळ त्याचेच, तरीही. (कायद्यातला दुकानदार सराफ आहे. आमच्यासारख्यांना तेवढा मान कुठला.)

म्हणजे चोरी मालकीतून होत नाही, ताब्यातून होते. दुसऱ्याच्या ताब्यातली हलवता येणारी वस्तू त्याच्या संमतीवाचून, लबाडीने नेण्यासाठी जागची हलवली की झाली चोरी. पाकीट खिशातून अर्धे वर आले आणि हात पकडला गेला, तरीही झाली. जमिनीत उभे झाड चोरता येत नाही, तोडून वेगळे केले की येते. मी ते साडेतीनशे रुपये सोडून दिले, पण ही ओळ डोक्यात राहिली.

'लार्सनी' हा शब्दही त्या वकीलसाहेबांकडूनच ऐकला. इंग्लंडचा तो जुना शब्द. दुसऱ्याची वस्तू संमतीशिवाय घेणे, घेऊन हलणे, आणि ती कायमची गिळायचा इरादा असणे, एवढे जुळले की लार्सनी. इंग्लंडने १९६८ च्या कायद्याने तो शब्द टाकून दिला आणि साधा 'चोरी' शब्द घेतला. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत तो अजून चालतो. आपल्याकडे तर 'कायमचा' ही अटही नाही. १९५२ मध्ये जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीतून दोन शिकाऊ तरुणांनी परवानगीशिवाय विमान उडवले आणि ते पाकिस्तानात उतरले. तात्पुरते नेणे हीसुद्धा चोरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितले. तेव्हा लार्सनीला मराठीत 'चोरी' लिहा. दरोडा नको, लूट नको, घरफोडीही नको.

शब्दाने काय फरक पडतो, असे सोलापुरात तरी कुणी म्हणू नये. इथे 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि तारेच्या कुंपणात ठेवले, ते कुंपण या गावाने पाहिले आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला गेला. माझ्याकडे हाताखाली होता तो पोरगा तिकडचाच. आमच्या बोळात कुणाची चप्पल हरवली तरी पहिली नजर त्याच्याकडे जायची. ज्या चपलेवरून सगळ्यात जास्त बोभाटा झाला ती मालकाच्याच स्कूटरच्या डिकीत निघाली.

आता उलट बाजू. दिवाळीनंतर अक्कलकोटच्या एसटीत चढताना आमच्या घरच्यांच्या पर्समधला मोबाईल गेला. गर्दीत मागून धक्का आला, वर चढून पाहते तर पर्सची चेन उघडी. चेन आपोआप उघडत नाही. आम्ही एका पोलीस ठाण्यात गेलो. तिथला माणूस चांगला बोलला, पाणीसुद्धा विचारले. पण म्हणाला, "काका, 'गहाळ' लिहा, सिम लगेच मिळतं. चोरी लिहिलं की लांबतं." मी लिहिले. सही केली. रात्री झोप येईना.

कारण कायद्यातल्या त्या घड्याळाच्या उदाहरणांशेजारीच आणखी एक उदाहरण आहे. रस्त्यावर अंगठी पडली आहे, कुणाच्याच ताब्यात नाही. ती उचलणारा चोर ठरत नाही; खिशात घातली तर अपहार होईल, पण चोरी नाही. म्हणजे 'गहाळ' असे लिहून मी माझ्याच सहीने बायकोच्या खांद्यावरची पर्स रस्त्यावर नेऊन ठेवली!

आणि किमतीचे म्हणाल, तर जुन्या इंग्लंडमध्ये बारा पेन्सच्या वरची लार्सनी मोठी, खालची छोटी, मोठीला फाशीसुद्धा. तो भेद त्यांनी १८२७ मध्येच मोडला. मेकॉलेसाहेबांच्या आयोगाने आपला कायदा रचला त्यातही तो नव्हता. आपण मात्र १ जुलै २०२४ पासून त्यातलेच काहीतरी आणले. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे पाच हजारांखालची चोरी असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा किंमत परत दिली, तर शिक्षा समाजसेवेची. एखाद्या पोराचे आयुष्य त्यामुळे तुरुंगाबाहेर राहणार असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. पण पाच हजारांखालची ही चोरी आता अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही. विडी वळणाऱ्या बाईची जुनी शिलाई मशीन किंवा यंत्रमाग कामगाराची सायकल विकायला काढली तर कितीची ठरेल, ते मंगळवार बाजारात जाऊन विचारा.

आमचा मोबाईल ११,४९९ रुपयांचा, बिल आहे. म्हणजे तो दखलपात्र. मी दुसरा अर्ज लिहिला आहे. त्यात 'गहाळ' हा शब्द नाही. धक्का, उघडी चेन आणि वेळ आहे. ठाण्यात घेतला नाही तर तपासाचे नियम सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तो वरिष्ठांकडे लेखी पाठवता येतो. सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी तो घेऊन जाणार आहे.

आपला,
जिन्याखालचा घड्याळवाला,
नवी पेठ, सोलापूर