भाषेची परीक्षा तोंडी हवी

परदेशी शिक्षणाच्या पुरवण्यांत इटलीचे नाव येते ते कमी फी आणि शिष्यवृत्त्यांपुरते. माझी भाची पेरुजा येथे, परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९२५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात इटालियन भाषा आणि संस्कृती शिकते. तिथल्या परीक्षेची तऱ्हा आपल्या विद्यापीठांनी पाहण्याजोगी आहे.

इटलीत बऱ्याच विषयांची परीक्षा तोंडी होते आणि तीही उघड. प्राध्यापकांसमोर एकजण उत्तरे देतो, मागे बाकांवर बाकीचे ऐकत बसतात. गुण तीसपैकी, उत्तीर्ण व्हायला अठरा. मिळालेले गुण पटले नाहीत तर ते नाकारून पुन्हा परीक्षेला बसण्याचीही सहसा मुभा असते (आपल्याकडे हे सुचवले तर कुलसचिवांना घाम फुटेल). इटालियन महाकवी दान्तेच्या ओळी घोकून भागत नाही. ‘हे कडवे इथेच का आले?’ असे विचारले की गाइडवाल्यांची बोबडी वळते.

परकीय भाषेत पदवी घेऊनही आपली मुले बोलायला कचरतात, याचे मूळ मला तरी लेखी परीक्षेतच दिसते. निदान भाषा विभागांनी निम्मे गुण तोंडी परीक्षेला ठेवावेत. वेळ लागेल, पण पेपर तपासायलाही तो लागतोच.

– एक वाचक, पुणे