चांदीपुरा विषाणू : पहिल्या रात्रीचा नमुना हातचा जाऊ देऊ नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

१९६५ साली नागपुरात चिकुनगुनियाची साथ सुरू असताना चांदीपुरा इथल्या दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू सापडला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याला त्या जागेचेच नाव दिले. पुढची जवळजवळ चार दशके त्याच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली, आणि तपासात हाच विषाणू निघाला. २००७ मध्ये नागपूर विभागात त्याची साथ आली. २०२४ च्या जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात, मुख्यतः गुजरातमध्ये, तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या ६४ रुग्णांत चांदीपुरा पक्का ठरला. उरलेल्या १८१ जणांपैकी कितींना दुसरा आजार होता आणि कितींचा नमुना उशिरा घेतला गेला किंवा वाटेत खराब झाला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आमचे सगळे म्हणणे या न कळण्याबद्दल आहे.

हा घाईचा आजार आहे. संध्याकाळी अंगणात खेळणारे पोर रात्री तापाने फणफणते, पहाटे उलट्या आणि झटके सुरू होतात, मग शुद्ध हरपते. पुष्कळ मुले २४ ते ४८ तासांत जातात. रक्तात आयजीएम प्रतिपिंडे (लागणीनंतर सर्वांत आधी बनणारी) दिसायला मात्र ताप आल्यापासून साधारण चार-पाच दिवस लागतात. म्हणजे जे मूल दुसऱ्या दिवशी गेले, त्याची फक्त प्रतिपिंडांची चाचणी केली तर अहवाल ‘निगेटिव्ह’च येणार. त्या मुलाच्या शरीराला प्रतिपिंडे बनवायला वेळच मिळालेला नसतो. त्याच्या रक्तात विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) असतो, आणि तो पकडायला आरटी-पीसीआर लागते, तीही पहिल्या काही तासांत घेतलेल्या नमुन्यावर.

हा नमुना कुठे हातचा जातो ते सांगतो. झटके येणारे मूल ग्रामीण रुग्णालयात येते. डॉक्टर झटके थांबवतात, सलाइन लावतात, १०८ ला फोन करतात आणि मुलाला वर पाठवतात. यात त्यांचे काही चुकत नाही, जीव वाचवणे आधी. पण सलाइनची सुई टाकताना त्याच सुईतून दोन-तीन मिलिलिटर रक्त काढून ठेवायला एक मिनिट पुरते, आणि तसा लेखी आदेश नसल्याने ‘तिकडे घेतीलच’ म्हणून ते राहून जाते. भामरागड किंवा सिरोंचाहून नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब आहे. काही मुले वाटेतच जातात. कागदावर उरते ‘मेंदूज्वर, कारण अज्ञात’.

रक्त घेतले तरी पुढे ते बिघडते. लाल झाकणाच्या साध्या नळीत घेतलेले रक्त अर्धा तास उभे ठेवून गोठू द्यावे लागते, मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटे फिरवून वरचे सीरम (रक्ताचा पिवळसर पातळ भाग) वेगळ्या कुपीत काढायचे असते. घाईत नळी थेट फ्रीझरमधल्या कडक बर्फाच्या पॅकला टेकवून ठेवतात. रक्ताचा बर्फ होतो, तांबड्या पेशी फुटतात, सीरम लाल होते, आणि फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन पीसीआरमध्ये अडथळा आणते. लसीच्या डब्यासाठी आपल्या परिचारिका बर्फाचा पॅक बाहेर काढून, हलवल्यावर आतले पाणी डचमळेपर्यंत थांबतात. रक्ताच्या नळीलाही तोच नियम लावला की काम झाले. लाइन गेली असेल, सेंट्रिफ्यूज बंद असेल, तर गोठलेली नळी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उभी ठेवावी आणि वर सुटलेले सीरम ड्रॉपरने हलक्या हाताने काढावे. दोन ते आठ अंश तापमानात ते ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचले पाहिजे. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंश लागतात, आणि ती सोय तालुक्याला नसते. पाठीच्या कण्यातले पाणी काढता आले तर उत्तमच, पण त्यासाठी पहिले रक्त अडवून धरू नये. जे मूल वाचते त्याचे दहा ते चौदा दिवसांनी दुसरे रक्त घ्यायलाच हवे. पहिल्या-दुसऱ्या नमुन्यातली प्रतिपिंडांची चौपट वाढ पुराव्याला पुरते.

आमची पहिली मागणी एवढीच : पंधरा वर्षांखालच्या, ताप आणि झटके किंवा बेशुद्धी असलेल्या प्रत्येक मुलाचा नमुना पुढे पाठवण्याआधी घेतला जावा, असा आदेश काढा. सोबत दोन नळ्या, दोन कुप्या, तिहेरी वेष्टनाची पेटी आणि वेळेचा रकाना असलेला फॉर्म प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठेवा. ताप कधी आला आणि रक्त कधी काढले, हे दोन आकडे नसले तर निगेटिव्ह अहवालाचा अर्थच लागत नाही. कोविडच्या काळात आलेली आरटी-पीसीआर यंत्रे अनेक जिल्ह्यांत आहेत. सेवाग्रामला आणि नागपूरच्या एम्समध्ये शिकलेली माणसे आहेत. त्यांच्याकडे चांदीपुराचे प्रायमर (पीसीआरमध्ये नेमका हा विषाणू ओळखणारे तुकडे) आणि पॉझिटिव्ह कंट्रोल (चाचणी नीट चालते का हे पडताळायचा नमुना) बारमाही असावेत, साथ आल्यावर पुण्याहून मागवायची वेळ येऊ नये.

आता माशीबद्दल. हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी दीड ते तीन मिलिमीटरची, केसाळ, पंख उभे धरून बसणारी. उडते कमी, टुणटुण उड्याच मारते. ती पाण्यात अंडी घालत नाही. भिंतीच्या भेगा, कोठ्यातली (गोठ्यातली) ओली जमीन, शेण-कचरा मिसळलेली माती ही तिची जागा. म्हणून गप्पी मासे सोडून तिचे काही बिघडत नाही. धुरळणीचाही फार उपयोग नाही, कारण धूर रस्त्यावरून जातो तेव्हा ती भेगेत असते. डासांच्या नेहमीच्या मच्छरदाणीतूनही ती आत शिरते. भिंतीवर आणि कोठ्यात सहा फुटांपर्यंत कीटकनाशक फवारणे, भेगा लिंपून बुजवणे आणि उकिरडा घरापासून लांब नेणे यानेच फरक पडतो. फवारणी करूनही ती फुकट जाते, त्याचे कारण आपल्या अंगणातच आहे : पाऊस सुरू झाल्यावर फवारतात, आणि नागपंचमी-पोळ्याच्या तोंडावर घरोघरी भिंती सारवल्या जातात. शेणमातीच्या एका हातानेच औषध झाकले जाते. फवारणी मेअखेर व्हावी आणि अडीच-तीन महिने भिंत सारवू नका, हे आशाताईंनी घरच्या बाईला त्याच दिवशी सांगावे.

प्रयोगशाळेत असे दिसले आहे की बाधित मादीकडून हा विषाणू अंड्यांतून पुढच्या पिढीत जाऊ शकतो. तो पावसाळ्यांच्या मधल्या काळात कुठे दडतो, याचा एक धागा तिथे आहे. तो धरायचा तर जानेवारीतही माश्या पकडाव्या लागतील. एरंडेल तेल लावलेले कागद भेगांजवळ रात्रभर लावले तर मोजणी होते. विषाणू शोधायला मात्र जिवंत माशी नळीने ओढून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकावी लागते. साथीनंतर आठ दिवस येऊन जाणाऱ्या पथकाला हे जमणार नाही. जागेवर राहणारा कीटक संग्राहक हवा, आणि ती पदे भरायला हवीत.

मोठी माणसे सहसा का वाचतात, हा या विषयातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. पूर्वीच्या अभ्यासांत प्रौढांमध्ये या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे मुलांपेक्षा जास्त आढळली आहेत. म्हणजे लहानपणी कधीतरी नकळत लागण होऊन गेली आणि रोगप्रतिकारशक्ती आली, असा अंदाज बांधता येतो. मग ती कोणत्या वयात येते? आईची प्रतिपिंडे बाळाला किती महिने पुरतात? १ ते ४, ५ ते ९, १० ते १४ आणि १५ वर्षांपुढचे असे चार गट करून रक्त तपासले की उत्तर मिळू लागेल. पाच टक्क्यांच्या अचूकतेसाठी प्रत्येक गटात ३८४ नमुने लागतात. एकाच गावातली माणसे एकसारखी असतात म्हणून ती संख्या दुप्पट धरावी, ७६८. चार गटांचे ३,०७२. सीरम ५६ अंशांवर अर्धा तास ठेवायचे, पातळ करत जायचे, ठरावीक मात्रेचा विषाणू मिसळायचा आणि व्हेरो पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशींवर) टाकायचे. हा विषाणू इतका वेगाने वाढतो की ज्या सीरममध्ये प्रतिपिंडे नसतात तिथल्या पेशी दिवसभरात गोल होऊन सुटू लागतात. एका जिल्ह्याचे काम एका वर्षात होईल. लस कोणत्या वयाला द्यायची, हे या माहितीशिवाय कसे ठरवणार? निष्क्रिय विषाणूची एक प्रायोगिक लस पुण्यात उंदरांवर तपासून झाली आहे.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ (एक आरोग्य) संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि कीटक यांचा एकत्र अभ्यास करायला कोठ्यातल्या वाळूमाशीइतका जवळचा विषय तिला मिळणार नाही. राज्याने तिच्यासमोर हा प्रस्ताव ठेवावा, पशुवैद्यकीय विद्यापीठालाही सोबत घ्यावे.

हे सगळे एकदम होणार नाही, आम्हाला कल्पना आहे. पण नमुन्याचा आदेश आणि प्रायमर यांना नवी इमारत लागत नाही. मृग लागायच्या आत हे दोन्ही ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोचावेत.

आपले,
विदर्भातील ग्रामीण रुग्णालये, प्रयोगशाळा व कीटकशास्त्र विभागांत काम करणारे काही जण