गोळी नाही, इंजेक्शन होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मेंदूच्या गाठींवर लेख होता. मोबाईल उशाशी घेऊन झोपावं की नाही यावर त्यात अर्धा स्तंभ आहे, आणि बायका घेतात त्या हार्मोनच्या औषधांवर एक ओळही नाही. म्हणून हे पत्र. मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये बत्तीस वर्षं टेक्निशियन होते, इथेच बडोद्यात. आता दांडिया बाजारात घरी असते.

माझ्या धाकट्या भावाची बायको सत्तेचाळीस वर्षांची. गेल्या उत्तरायणाला बाकी सगळे गच्चीवर पतंगात, आणि खाली हिनं उंधियू गरम करायला ठेवलेला. पातेलं बुडाला लागलं, धूर जिन्यातून वर आला, मी धावत खाली गेले तर ही गॅसच्या शेजारीच उभी राहून ताटलीत जिलेब्या काढतेय. म्हणाली, "ताई, मला वासच नाही आला हो." सर्दी असेल म्हणून पंधरा दिवस वाफारे झाले. डोकं दुखायला लागलं तेव्हा कुठे एमआरआय झाला. कवटीच्या तळाशी, नाकाच्या मुळाच्या वर, मोठ्या लिंबाएवढी गाठ. मेनिंजिओमा.

ही गाठ खुद्द मेंदूची नसते, मेंदूवरच्या आवरणाची असते. बहुतेक वेळा साधी, हळू वाढणारी. त्यामुळे मुलाची बारावीची परीक्षा होऊ द्या, मार्चअखेर ऑपरेशन करू, असं ठरलं. त्यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

चुकलं ते पुढे. ओपीडीत केसपेपर लिहिताना विचारलं गेलं, "बेन, कोई दवा-गोळी चालु छे?" हिनं प्रामाणिकपणे सांगितलं, "ना." गोळी एकही चालू नव्हतीच. पण दुसऱ्या बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून गेली सात वर्षं ती दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेत होती. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच, ती आजारी थोडीच होती? देव्हाऱ्याच्या खणात कार्ड होतं, कार्डावर फेब्रुवारीची तारीख होती. त्या तारखेला ती रिक्षा करून गेली आणि पुढचं इंजेक्शन घेऊन आली. डोक्यात गाठ आहे हे ठाऊक झाल्यावर. मी त्याच घरात दिवसाआड चहाला जात होते आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. चौथ्या दिवशी बायोप्सीचा रिपोर्ट आला: ग्रेड १, पीआर पॉझिटिव्ह. करोनापासून 'पॉझिटिव्ह' शब्दाची आपल्या घरांनी धास्तीच घेतलीय. भावाचा चेहरा उतरला. मी म्हटलं, अरे, ही बातमी वाईट नाही. पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या हार्मोनचा निरोप घेणारं पेशीतलं प्रथिन. मेनिंजिओमांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त गाठींत तो सापडतो, आणि उलट वरच्या ग्रेडच्या, दांडग्या गाठींत तो बरेचदा नाहीसा झालेला असतो.

ही तपासणी मी शेकड्यांनी केली आहे, ब्रेस्टच्या गाठींवर तर रोजच. मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉनचा काप काढायचा, पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचा, मग स्लाइडी बफरमध्ये बुडवून चक्क प्रेशर कुकरमध्ये उकळायच्या. आमच्या लॅबमध्ये कुकरची शिट्टी झाली की नवीन मुली हसायच्या. त्यानंतर रिसेप्टरला चिकटणारी अँटिबॉडी, मग रंग. रिसेप्टर असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, नसेल तर निळंच राहतं. तपकिरी ठिपक्यांनी भरलेली स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघताना मोहरी तडतडून पसरल्यासारखी दिसते.

केंद्रकच का, हे सांगायला हवं. इन्शुलिन किंवा पेशी वाढवणारे इतर घटक दारावरची बेल वाजवतात. त्यांचे रिसेप्टर पेशीच्या आवरणात असतात, आणि निरोप आतल्या प्रथिनांच्या हातोहात केंद्रकापर्यंत जातो. प्रोजेस्टेरॉन बेल वाजवत नाही. ते स्निग्धात विरघळणारं, त्यामुळे भिंतीतून आत शिरतं, आपला रिसेप्टर गाठतं, आणि ती जोडी थेट डीएनएवर बसून काही जनुकं चालू, काही बंद करते. मेंदूच्या आवरणातल्या पेशींत हा रिसेप्टर का असावा, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत साधारण दुप्पट आढळतो, आणि गरोदरपणात अशी गाठ अचानक वाढून नजर अंधुक झाल्याच्या नोंदी फार जुन्या आहेत. 'मेनिंजिओमा' हे नाव हार्वे कुशिंग यांनी १९२२ साली दिलं. संशय साधारण तेव्हापासूनचा.

मोठा पुरावा फ्रान्समधून आला. २०२४ च्या मार्चमध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास छापून आला. २००९ ते २०१८ या काळात मेनिंजिओमाचं ऑपरेशन झालेल्या १८,०६१ बायका, आणि तुलनेला ९०,३०५ इतर बायका. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनचं, दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन वर्षभर किंवा जास्त घेतलेल्यांत ऑपरेशनपर्यंत जाणाऱ्या गाठीचा धोका साडेपाच पट दिसला. आकडा ऐकून घाबरायच्या आधी पुढचं वाचा: ऑपरेशन झालेल्यांत हे इंजेक्शन घेणाऱ्या निघाल्या ९, आणि तुलनेच्या गटात ११. फ्रान्समध्ये ते फारसं वापरलंच जात नाही. मूळचा धोका इतका लहान की पटीनं वाढूनही लहानच राहतो. कॉपर-टीसारखी, पण हार्मोनची साधनं आत बसवलेल्यांत वाढीव धोका दिसला नाही. सायप्रोटेरोन नावाच्या याच जातीच्या दुसऱ्या औषधाबाबत युरोपच्या औषध नियामकांनी २०२० मध्येच निर्बंध घातले. ते थांबवल्यावर काही गाठी आपोआप आक्रसल्याही आहेत.

म्हणजे सगळं खापर रिसेप्टरवर फोडावं, असंही नाही. प्रोजेस्टेरॉनचा मार्ग अडवणारं मिफेप्रिस्टोन मेनिंजिओमाच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तर खोट्या गोळीपेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला नाही. जनुकांमधले बदलही असतातच. एनएफ२ हे पेशीचा ब्रेक असलेलं जनुक बऱ्याच मेनिंजिओमांत बिघडलेलं असतं. माझ्या भावजयीची गाठ इंजेक्शनमुळेच झाली, असं मी म्हणत नाही, आणि ते कुणी सिद्धही करू शकणार नाही. पण गाठ दिसल्यावरही तेच हार्मोन आणखी एकदा दंडात गेलं, हे मात्र सहज टाळता आलं असतं.

हे बडोद्यातल्या एका घरापुरतं नाही. सरकारी कुटुंब नियोजनात २०१७ पासून 'अंतरा' नावानं मिळतं ते इंजेक्शन याच औषधाचं. सोबत मिळणारी 'छाया' गोळी हार्मोनची नाही, ती लखनौच्या संशोधन संस्थेची, तिचा इथे संबंध नाही. अंतरा कुणी घाबरून बंद करावं म्हणून हे लिहिलेलं नाही. नको असलेलं बाळंतपण आपल्याकडे काय करतं, तेही मी हॉस्पिटलात पाहिलंय. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला चार गोळ्या घेतल्या जातात, त्याही माझ्या डोक्यात नाहीत. माझं म्हणणं केसपेपरापुरतं आहे. 'गोळी चालू आहे का' याच्याखाली वेगळी ओळ हवी: पाळीसाठी, मूल न होण्यासाठी, पाळी गेल्यावर, कसलंही इंजेक्शन, गोळी, आत बसवलेलं काही? किती वर्षं? आणि ते विचारणाऱ्यानं बाईला विचारावं, शेजारी उभ्या नवऱ्याला नाही. माझ्या भावाला सात वर्षांत या कार्डाचा पत्ता नव्हता.

इंजेक्शन आता बंद आहे, दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितलाय. वास मात्र परत आलेला नाही, येण्याची आशा कमीच. फोडणीच्या वेळी ती मुलाला ओट्याजवळ उभं करते. गेल्या महिन्यात तपासणीला मी बरोबर गेले होते. नवीन मुलगी होती, तिनंही तोच प्रश्न विचारला. भावजयीनं उत्तर दिलं नाही, पर्समधून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
दांडिया बाजार, वडोदरा