बीपीची चिठ्ठी लिहिताना एक प्रश्न विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी गरोदरपणातल्या आहारावर मोठा लेख आला होता. खजूर, नाचणी, लोह, कॅल्शियम, सगळं होतं. रक्तदाबाला एक ओळ मिळाली, किडनीला तीही नाही. मी लालबागमध्ये औषधाचं दुकान चालवते. केईएम आणि वाडिया रुग्णालयं जवळच, त्यामुळे तऱ्हेतऱ्हेच्या चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर येतात. तिथून जे दिसतं, ते लिहिते आहे.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल. ही नावं बहुतेक वाचकांच्या घरातल्या औषधांच्या डब्यात सापडतील. रक्तदाब तर या गोळ्या उतरवतातच, शिवाय लघवीतून जाणारं प्रथिनही कमी करतात. म्हणून किडनीचा आजार असलेल्या पंचवीस-तिशीच्या मुलींनाही त्या दिल्या जातात, आणि ते बरोबरच आहे. पण दिवस राहिल्यावर तीन महिन्यांनंतर ही गोळी चालूच राहिली, तर ती बाळाच्या किडनीवर घाला घालते. गर्भजल बरंचसं बाळाच्या लघवीनंच तयार होतं. ते आटलं की फुप्फुसंही नीट वाढत नाहीत. गरोदरपणात चालणाऱ्या लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा या गोळ्या माझ्या त्याच कपाटात असतात. गोळी बदलणं अवघड नाही. ती कधी बदलायची, हे त्या मुलीला कोणी सांगतच नाही.

लोअर परळच्या एका ऑफिसात काम करणारी एक मुलगी कॉलेजात असल्यापासून माझ्याकडे येते. लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिनच, म्हणून टेल्मिसार्टन. लग्नानंतर एका संध्याकाळी तिनं महिन्याच्या गोळ्या मागितल्या आणि हळू आवाजात प्रेग्नन्सी किटही मागितलं. दोन्ही एकाच पिशवीत घालायला मला धजेना. विचारलं, तर म्हणाली, "काकी, ही बीपीची नाही, किडनीची गोळी आहे." डॉक्टरांनी तिला तसंच सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पुढचं कोणी विचारलं नाही, कारण तिची फाइल उघडली तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. मधे लग्न झालं, फाइल मात्र तीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दोन रेघा उमटल्या. घरात लगेच दोन टोकाची मतं. सासूबाई म्हणाल्या, सगळ्या गोळ्या बंद कर. नवरा म्हणाला, औषध पोटात गेलंय, आता हे ठेवायचं तरी का? दोन्ही चूक. गोळी एकदम बंद करून घरी बसलं, की रक्तदाब उसळतो आणि आधीच दुखावलेली किडनी आणखी दुखावते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ही गोळी पोटात गेली, एवढ्यावरून गर्भपात करायचं कारण नाही. गोळी बदलायची आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत नीट पाहून घ्यायचं. प्रथिनं फार जात असतील, तर काही तज्ज्ञ टेस्ट पॉझिटिव्ह येईपर्यंत यातल्या काही गोळ्या मुद्दाम चालू ठेवतात. पण तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, आणि त्या बाईला तो माहीत असतो. या मुलीची गोळी त्याच आठवड्यात बदलली.

काही जणी तर गोळी लपवूनच घेतात. बायोडेटात किडनीचा उल्लेख नसतो, तेव्हा सासरी पट्टी दिसायला नको. "काकी, गोळ्या काढून व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून द्या ना." मी देत नाही. एक म्हणजे टेल्मिसार्टनला दमट हवा सोसत नाही, ती पट्टीतून घ्यायच्या वेळीच काढायची असते, आणि मुंबईची हवा आपल्याला ठाऊकच आहे. दुसरं म्हणजे, जिचा नवराच अंधारात आहे, ती दिवस राहायच्या आधी डॉक्टरकडे सल्ल्याला जाणार कशी? इथे नुसत्या मुलींना बोल लावून उपयोग नाही. आजार कळल्यावर स्थळं कशी मोडतात, ते आमच्या चाळीतच पाहिलंय.

उलट टोकही आहे. "किडनीचा त्रास आहे ना, मग मूल विसरा," असं दोन वाक्यांत सांगून मोकळे होणारे लोक आहेत. हे सरसकट खरं नाही. क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते सांगणारा रक्तातला आकडा) जवळपास ठीक, रक्तदाब ताब्यात आणि प्रथिनं कमी जात असतील, तर बहुतेक जणींचं बाळंतपण नीट पार पडतं. क्रिएटिनिन १.४ च्या पुढे गेलेलं, रक्तदाब चढलेला, प्रथिनं भरपूर, असं जसजसं एकात एक मिसळत जातं तसतसा धोका वाढतो. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढून आई-बाळाला धोका करणारा आजार, होतो, बाळ लवकर आणि कमी वजनाचं जन्मतं, आणि आईच्या किडनीची जी ताकद जाते ती काही वेळा परत येत नाही. अमेरिकेत जुळ्या बहिणीची किडनी बसवलेल्या एका बाईनं १९५८ सालीच मुलाला जन्म दिला होता. आज प्रत्यारोपण झालेल्या बायकांना साधारण एक वर्ष तरी थांबायला सांगतात. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून दिलेलं मायकोफेनोलेट चालू असेल तर ते दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी बंद करून त्याजागी दुसरं औषध देतात. म्हणजे इथेही सगळं आधीच ठरवावं लागतं.

लोक काउंटरवर रिपोर्टही पसरतात, "नॉर्मल आहे ना?" विचारतात. गरोदरपणात किडनी नेहमीपेक्षा सुमारे दीडपट गाळते, त्यामुळे क्रिएटिनिन खाली यायला हवं, ०.५-०.६ च्या आसपास. लॅबच्या छापील रकान्यात मात्र १.० नॉर्मलच दिसतं. पाचव्या महिन्यातल्या बाईचा १.० पाहून घरचे निश्चिंत होतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. लॅबवाल्यांनी गरोदर स्त्रीच्या रिपोर्टवर एक वेगळी ओळ छापली तर त्यांचं काय जातं, कळत नाही.

ॲस्पिरिनचं तर विचारूच नका. प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका कमी करायला किडनीचा आजार असलेल्या बायकांना तिसरा महिना संपताना, सोळाव्या आठवड्याच्या आत, ७५ ते १५० मिलिग्रॅमची गोळी सुरू करतात, बहुधा रात्री. घरचं कोणीतरी मोठं माणूस पट्टी परत घेऊन येतं. "रक्त पातळ करायची गोळी पोटुशीला? डॉक्टरांचं काही चुकलंय." मग मी स्टूल पुढे करते आणि समजावत बसते. गर्दीच्या वेळी हे परवडत नाही, पण पट्टी परत घेऊन पैसे देणं त्याहून परवडत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, पित्त. आपल्याकडे डोकं दुखलं, मळमळलं, छातीखाली दुखलं की पित्तच. सातव्या महिन्यातली बाई येते आणि पित्ताची गोळी मागते. मी आधी तिला बसवते आणि मशीनचा पट्टा दंडाला बांधते. १४०/९० म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. १६०/११० म्हणजे टॅक्सी, आणि सोबत कोणीतरी. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही पित्त म्हणून सोडून द्यायचं नाही. किडनीचा आजार असेल तर आणखी एक गुंता असतो. लघवीत प्रथिनं आधीपासूनच असतात, त्यामुळे प्रीएक्लॅम्प्सिया सुरू झाला की जुनाच आजार बळावला, हे डॉक्टरांनाही चटकन कळत नाही. आधीचे रिपोर्ट हाताशी असले तरच तुलना करता येते. म्हणून फाइल माळ्यावर नको, पर्समध्ये हवी. आणि कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन माझ्याकडे मागू नका, मिळणार नाही.

लालबाग-परळच्या निम्म्या घरांचं माहेर कोकणात. सातव्यात डोहाळजेवण आटोपून मुलगी गावी जाते, ही रीत गोड आहे. पण जिच्या गरोदरपणाच्या तपासणी कार्डावर जोखमीचं लाल स्टिकर आहे, तिनं नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग आणि किडनीचा डॉक्टर जवळ असेल तिथेच राहावं, आईनं इकडे यावं. बाळंत झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. रक्तदाब बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वांत वर जातो, म्हणजे नेमकं घरी सोडल्यावर, बारशाच्या तयारीत. एनालाप्रिल तेव्हा पुन्हा देता येतं, अंगावर पाजत असली तरी. पण ते डॉक्टरांना विचारून, माझ्या सांगण्यावरून नाही.

२०१६ पासून पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. चांगली सोय आहे, पण ती दिवस राहिल्यानंतरची. पालिकेनं मोठ्या रुग्णालयांत महिन्यातून एक दिवस असा ठेवावा, की किडनीचा आणि स्त्रीरोगाचा डॉक्टर एकाच खोलीत बसेल आणि मूल हवं असलेल्या जोडप्याला आधीच सल्ला मिळेल. पालिकेच्या 'आपला दवाखाना'त बीपी-शुगरसाठी येणाऱ्या तरुण बायकांना तिथूनच पाठवता येईल. आणि डॉक्टरसाहेब, बाईंचं वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर चिठ्ठीवर गोळीच्या नावाखाली एवढंच लिहा : 'मूल हवं असल्यास आधी भेटणे.' रबरी शिक्का करून घेतलात तरी चालेल, आमच्या गल्लीत करून मिळतो.

— एक औषधविक्रेती, लालबाग, मुंबई