जुन्या चित्रपटगृहातली बातमी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या चित्रपटविषयक पानाचा मी जुना वाचक आहे. ऐतिहासिक चित्रपटगृहांची बातमी त्या पानावर बहुधा दोनच प्रसंगी येते: ते बंद पडते तेव्हा आणि डागडुजी होऊन पुन्हा उघडते तेव्हा. पहिल्या बातमीसोबत कुलूप लावलेल्या दाराचे छायाचित्र असते, दुसरीसोबत फीत कापणाऱ्या पाहुण्यांचे. मधल्या वर्षांत तिथे काय दाखवले जाते, कोण येते आणि खर्च कसा भागतो, यावर एक ओळही वाचायला मिळत नाही. न्यासाच्या किंवा सभासदांच्या संस्थेच्या ताब्यातील जी चित्रपटगृहे जगात ठिकठिकाणी चालू आहेत, त्यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण ती टिकतात ती इमारतीच्या वयावर नाही, तर दर आठवड्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर. अशा एका न्यासाच्या कार्यक्रम समितीवर मी काही वर्षे काम केले असल्याने याविषयी जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करतो. अशा संस्थांचा उल्लेख करताना 'ना नफा, ना तोटा' असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात यातला दुसरा 'ना' कुणाच्याच हातात नसतो. नफ्यासाठी न चालणाऱ्या चित्रपटगृहालाही वर्षअखेरीस शिल्लक उरू शकते आणि ती उरावी, असेच विश्वस्तांना वाटते. फक्त ती कुणाच्या खिशात न जाता गळक्या छतावर, नव्या दिव्यावर किंवा पुढच्या महोत्सवावर खर्च होते. तिकिटांच्या पैशावर मात्र असे घर चालत नाही. नव्या चित्रपटाच्या तिकीटविक्रीतला निम्मा किंवा त्याहूनही मोठा हिस्सा वितरकाकडे जातो आणि उरलेल्यात पगार, वीज, विमा, सफाई आणि शंभर वर्षांच्या भिंतींची देखभाल बसवावी लागते. म्हणून सभासदवर्गणी, देणग्या, अनुदाने आणि मध्यंतरातला खाद्यपदार्थांचा काउंटर यांवर ताळेबंद उभा राहतो. सभासद वर्गणी भरतो ती सवलतीच्या तिकिटासाठी, हे खरे. पण दुसऱ्या वर्षी तो ती पुन्हा भरतो का, हे त्याने वर्षभरात तिथे काय पाहिले यावर ठरते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रुकलाइन येथे कूलिज कॉर्नर नावाचे चित्रपटगृह आहे. मूळच्या चर्चच्या इमारतीत १९३३ साली ते सुरू झाले, १९८० च्या दशकाच्या शेवटी ती जागा विकसकाच्या हाती जाण्याची वेळ आली आणि स्थानिक नागरिकांच्या प्रयत्नांमुळे १९८९ पासून ते एका ना-नफा प्रतिष्ठानाकडे आहे. आपल्याकडे बातमी झाली असती तर ती इथेच संपली असती. माझ्या मते त्या चित्रपटगृहाच्या इतिहासातले अधिक महत्त्वाचे साल २००५ आहे. त्या वर्षी तिथे 'सायन्स ऑन स्क्रीन' हा उपक्रम सुरू झाला. कल्पना साधी आहे: एखादा चित्रपट निवडायचा, मग तो विज्ञानपट असो वा निखळ विनोदी, आणि तो दाखवण्यापूर्वी त्याच्याशी कुठूनतरी जोडलेल्या विषयावर एखाद्या शास्त्रज्ञाने थोडा वेळ बोलायचे. स्मृतिभ्रंशाच्या कथेआधी मेंदूचा अभ्यासक, राक्षसी प्राण्यांच्या चित्रपटाआधी जीवशास्त्रज्ञ, असे त्याचे स्वरूप. पुढे २०११ पासून आल्फ्रेड पी. स्लोन फाउंडेशनच्या अनुदानामुळे हाच उपक्रम अमेरिकेतल्या इतर ना-नफा चित्रपटगृहांत पसरला. यात ना नवी इमारत लागली, ना नवे यंत्र. एक खुर्ची, एक ध्वनिक्षेपक आणि बोलणारा नीट निवडण्याचा विवेक, एवढ्यावर ते जमले.

याउलट इमारतीवरच लक्ष ठेवले तर कशी गफलत होते, हे हॉलिवूडमधल्या इजिप्शियन थिएटरच्या गोष्टीवरून कळते. १९२२ साली उघडलेले हे चित्रपटगृह १९९४ च्या भूकंपानंतर मोडकळीला आले होते. १९९६ मध्ये लॉस एंजेलिस शहराने ते अमेरिकन सिनेमाथेक या ना-नफा संस्थेला नाममात्र एक डॉलरला दिले, संस्थेने ते दुरुस्त करून १९९८ मध्ये उघडले आणि २०२० मध्ये तेच नेटफ्लिक्स कंपनीला विकले. विक्रीची बातमी आली तेव्हा अनेकांनी, मीही त्यांत होतो, कपाळाला हात लावला. घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या कंपनीने जुने चित्रपटगृह घ्यावे, हा विनोदच वाटला होता. पण कराराचा तपशील पाहिला तर संस्थेने शुक्रवार ते रविवारचे कार्यक्रम स्वतःकडे राखले होते, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात चित्रपटगृह पुन्हा उघडल्यावर ते सुरूही झाले. म्हणजे भिंती गेल्या, आठवड्याचा शेवट राहिला. हा सौदा योग्य होता की नाही यावर वाद घालता येईल. घरमालक बदलला की भाडेकरूचे दिवस किती, हा प्रश्न माझ्या मनात अजून आहे. तरीही संस्थेने नेमके काय विकायचे नाही हे ओळखले होते, एवढे मान्य करावे लागते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो चित्रपटगृहाचा वादही असाच बोलका आहे. तेही १९२२ सालचे, मात्र न्यासाचे नव्हे. २०२२ मध्ये त्याची व्यवस्था संगीताच्या मैफली भरवणाऱ्या कंपनीकडे गेली आणि तळमजल्यावरच्या पक्क्या खुर्च्या काढण्याची योजना पुढे आली. छत, झुंबर, दर्शनी भाग यांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. भांडण झाले ते खुर्च्यांवरून. बाहेरच्या माणसाला ते क्षुल्लक वाटले असेल, पण जिथे उभे राहून गाणी ऐकायची सोय होते, तिथे बसून तीन तासांचा मूकपट पाहण्याची सोय हळूहळू संपते, हे नेहमीच्या प्रेक्षकांना अचूक कळले होते.

आता कार्यक्रम ठरतो कसा, ते सांगतो, कारण वाचकांना याची कल्पना नसते. घरी चकती आहे किंवा ओटीटीवर चित्रपट उपलब्ध आहे, म्हणून तो सभागृहात दाखवता येत नाही. जाहीर प्रदर्शनाचा हक्क वेगळा घ्यावा लागतो आणि जुन्या चित्रपटाचा हक्क आज कुणाकडे आहे, हे शोधण्यातच कधी महिने जातात. निर्मिती कंपनी बुडालेली असते, वारसांचे आपसांत पटत नसते. हक्क सापडला तर एक ठरावीक रक्कम किंवा तिकीटविक्रीचा ठरावीक हिस्सा, यांपैकी जे जास्त असेल ते द्यायचे, अशी अट सर्रास असते. त्यामुळे रिकाम्या सभागृहातही किमान खर्च सुटत नाही. नव्या चित्रपटाचा वितरक आणखी पुढे जातो: इतके आठवडे, दिवसाचे सगळे खेळ आमच्याच चित्रपटाला द्या, असा आग्रह धरतो. एकच पडदा असलेल्या चित्रपटगृहाला हे मान्य केले तर मंगळवारची व्याख्यानमाला आणि शनिवारचा मुलांचा खेळ गुंडाळून ठेवावा लागतो. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातले हाइड पार्क पिक्चर हाउस हे १९१४ चे, आजही गॅसच्या दिव्यांसाठी प्रसिद्ध असलेले चित्रपटगृह २०२३ मध्ये दुरुस्तीनंतर उघडले, तेव्हा सगळ्यांनी त्या दिव्यांबद्दल लिहिले. त्याच दुरुस्तीत तळघरात दुसरा छोटा पडदा बसवला गेला. कार्यक्रम आखणाऱ्याला विचाराल तर तो त्या पडद्याचेच कौतुक अधिक करील.

यंत्राचा मुद्दाही इथेच येतो. ३५ मिलिमीटरच्या फितीचे दोन हजार फुटांचे रीळ सुमारे वीस-बावीस मिनिटे चालते. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर उमटतो, ऑपरेटर दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करतो, सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका येतो आणि तो झाकण फिरवून चित्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेतो. आमच्या ऑपरेटरकाकांच्या शेजारी स्टुलावर बसून मी हे कितीतरी वेळा पाहिले आहे. त्या सात सेकंदांत ते कुणाशीही बोलत नसत, विश्वस्तांशीही नाही. २०१४ च्या सुमारास अमेरिकेतल्या पॅरामाउंट कंपनीने फितीच्या प्रती देणे थांबवले, इतर कंपन्याही त्याच वाटेवर होत्या, आणि छोट्या चित्रपटगृहांपुढे महागडा डिजिटल प्रोजेक्टर घेणे किंवा दार लावणे असे दोनच पर्याय उरले. ज्यांनी देणग्या जमवून नवे यंत्र घेतले आणि जुनी दोन यंत्रेही विकली नाहीत, त्यांना आज संग्रहालयातली दुर्मीळ प्रत मागवता येते. डिजिटल यंत्र निर्दोष असते असेही नाही. चित्रपट हार्ड डिस्कवर येतो, पण तो उघडण्याची सांकेतिक किल्ली वेगळी येते आणि ती ठरलेल्या वेळेपुरतीच चालते. एका संध्याकाळी प्रेक्षक बाहेर रांगेत उभे असताना आमच्या लक्षात आले की वितरकाने पाठवलेली किल्ली दुसऱ्या दिवसापासून लागू होणार आहे. फीत असती तर निदान अर्धा चित्रपट तरी दाखवला असता, असे काका तेव्हा म्हणाले होते.

एका दुपारच्या खेळाबद्दल लिहितो. तान्ह्या मुलांच्या पालकांसाठी आम्ही आठवड्यातून एकदा दुपारी खेळ ठेवत असू: दिवे मंद पण चालू, आवाज नेहमीपेक्षा कमी, बाबागाड्या पहिल्या रांगेपुढच्या मोकळ्या जागेत. पहिल्या खेळाला नऊ जण आले आणि समितीत हा उपक्रम बंद करण्याचा प्रस्ताव आला. तो फेटाळला गेला तो एका सभासदाच्या निरीक्षणामुळे. तिने पाहिले होते की एक तरुण बाप खेळाचा जवळजवळ सगळा वेळ कडेच्या वाटेवर मुलाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता, पडद्यावरची नजर न काढता, आणि शेवटची अक्षरे येईपर्यंत तो थांबला होता. 'हा माणूस वर्षभरात दुसरीकडे कुठे चित्रपट पाहू शकला असेल?' एवढेच तिने विचारले. पुढे याच धर्तीवर गोंगाट आणि काळोख सोसत नाही अशा मुलांसाठी आणि कमी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांसाठी उपशीर्षकांसह खेळ सुरू झाले. यांतले कोणतेच खेळ हाऊसफुल्ल जात नव्हते. नफ्यासाठी चालणारे चित्रपटगृह ते का करत नाही, असा जाब मी विचारणार नाही; तो त्याचा व्यवसाय आहे. न्यासाच्या चित्रपटगृहाने मात्र ते केले नाही, तर त्याला करसवलत आणि देणगी कशासाठी द्यायची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दोष वृत्तपत्रांचाच आहे असे नाही. आमच्यासारख्या संस्थांची पत्रके वाचली तर त्यांत देणगीदारांचे आभार पानभर असतात आणि चित्रपटाची लांबी कुठेच नसते. मूकपट दाखवणार असे कळवतात, पण सोबत संगीत कोण वाजवणार हे सांगत नाहीत. वास्तविक मूकपटाच्या खेळात निम्मी बातमी तीच असते. मिशिगन राज्यात ॲन आर्बर येथे १९२८ च्या मिशिगन थिएटरचा मूळ ऑर्गन आजही वाजतो आणि लोक तो ऐकायला जातात. 'खास प्रदर्शन' हा शब्द तर आम्ही इतका वापरला की साधे प्रदर्शन कोणते, हे सभासदांनाही सांगता येईना.

तेव्हा आपल्याला विनंती अशी की, अशा चित्रपटगृहांच्या कार्यक्रमांना चित्रपटविषयक पानावर नियमित जागा द्यावी आणि ती देताना संस्थांकडून नेमकी माहिती मागून घ्यावी: प्रत फितीची की डिजिटल, मूळ की पुनरुज्जीवित, उपशीर्षके कोणत्या भाषेत, आधी किंवा नंतर कोण बोलणार, बाबागाडी आणि चाकाची खुर्ची आत जाते की नाही. वर्षातून एकदा त्यांचा जमाखर्चही छापावा, कारण सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेचा तो मजकूर खासगी नसतो. आणि आपल्या समीक्षकांपैकी एखाद्याने उद्घाटनाचे निमंत्रण सोडून आठवड्याच्या मधल्या दुपारी तिकीट काढून जावे.

पत्र लांबले आहे, याची जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर हॉलिवूडच्या सौद्याचा परिच्छेद खुशाल गाळावा. दुपारच्या खेळाचा तेवढा ठेवावा.

आपला विश्वासू,
एक वाचक