गळ्यातल्या क्रॉसबद्दल, पुण्यातल्या मुलाला

बेटा,

परवा फोनवर तू म्हणाला की गळ्यातली क्रॉसची चेन काढून ड्रॉवरमधे ठेवली, कारण तुझ्या त्या नवीन फेलोशिपमधल्या, म्हणजे प्रार्थनेच्या गटातल्या दादाने सांगितलं की क्रॉस, मेणबत्त्या, झावळ्या ही सगळी मूर्तिपूजाच आहे आणि तुला ते पटलं. मी तेव्हा काही बोलली नाही, ड्युटीला निघायचं होतं आणि असं बोलणं घाईत होत नाही. म्हणून लिहून राहिली, लांब होईल, जेवण झाल्यावर सावकाश वाच.

आधी सांगते, चेन काढली याचं मला वाईट वाटलं नाही. दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमधे जाताना मी पण चेन, अंगठी, बांगड्या सगळं काढते, नियमच आहे तो, आणि माझा प्रभू काही त्या लॉकरमधे राहत नाही. तुझा दादा म्हणतो त्यात तथ्य आहे आणि ते पवित्र शास्त्रातच आहे. मोशेने रानात पितळेचा साप केला, देवानेच सांगितला म्हणून केला, साप चावलेली माणसं त्याच्याकडे पाहून वाचली. पुढे लोक त्याच सापाला धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला, २ राजे १८ मधे बघ. पण मग योहान ३ पण काढ, १४ वं वचन. निकदेम नावाचा यहुदी पुढारी रात्री भेटायला आला तेव्हा येशू आपल्या वधस्तंभाबद्दल, म्हणजे क्रॉसवरच्या मरणाबद्दल सांगतो आणि उदाहरण कशाचं देतो तर त्याच सापाचं! ज्याचे तुकडे होऊन शेकडो वर्षं झाली होती त्याचं. मला ह्याचं फार नवल वाटते. म्हणजे वस्तूची पूजा व्हायला लागली तर ती फोडावी लागली तर फोडा, पण देवाने तिच्यातून जे सांगितलं ते प्रभूने टाकून दिलं नाही.

आणि ह्या खुणा म्हणजे चर्चवाल्यांनी मागाहून आणलेलं डेकोरेशन आहे असं तुला वाटत असेल तर तसं पण नाही बेटा. इ.स. २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाला क्लेमेंट म्हणून शिक्षक होते, त्यांनी ख्रिस्ती लोकांना अंगठीवर काय कोरायचं ते लिहून ठेवलंय. तेव्हा अंगठी म्हणजे शिक्का, घरातल्या सामानावर आणि पत्रावर मारायचा, रोजच्या कामाची वस्तू. ते म्हणतात कबुतर चालेल, मासा चालेल, जहाज, तंतुवाद्य, जहाजाचा नांगर चालेल. मूर्तींचे चेहरे नको, तलवार आणि धनुष्य नको कारण आपण शांतीच्या मागे लागलेली माणसं, दारूचे प्याले पण नको. त्या यादीत क्रॉस नाहीच. काहून असेल? क्रॉस म्हणजे तेव्हा सरकारी मृत्युदंड, लोकांनी रस्त्याच्या कडेला माणसं तशी तडफडून मरताना पाहिलेली, गळ्यात कोण घालणार. रोममधे पॅलेटाइन टेकडीवर एका भिंतीवर खरडलेलं चित्र सापडलंय, वधस्तंभावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली एक जण हात वर करून उभा आणि लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतो. त्या बिचाऱ्याची कोणीतरी टिंगल केली होती. वधस्तंभाच्या जगातल्या सगळ्यात जुन्या चित्रांत ह्याची गणती होते. पुढे चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन बादशहाने ही शिक्षा बंद केली आणि त्यानंतर हळूहळू क्रॉस उघडपणे सगळीकडे आला.

हे अलेक्सामेनोसचं मुद्दाम सांगून राहिली. चेन काढली ती त्या दादाच्या म्हणण्यावरून की ऑफिसच्या कॅन्टीनमधे कोणी काही विचारते, बोलते म्हणून, ते तूच मनाशी बघ. मला सांगायची गरज नाही.

मासा तर तुला माहीत आहे, येशू ख्रिस्त देवाचा पुत्र तारणारा ह्या ग्रीक शब्दांची पहिली अक्षरं जोडली की ग्रीकमधला मासा होतो. आपल्या सदरमधे किती गाड्यांच्या मागे त्याचं स्टिकर असते. लावावं, चांगलं आहे, पण मग त्या गाडीने लिबर्टी टॉकीजच्या चौकात सिग्नल तोडू नये, मागचा माणूस स्टिकर बघूनच आपल्याला ओळखते.

दवाखान्यात मी इतकी वर्षं काढली, पेशंटच्या उशीखाली काय काय असते मला माहीत आहे. ताजबागचा धागा, शेगावच्या गजानन महाराजांचा फोटो, जपमाळ, नव्या कराराची छोटी प्रत. कोणाचंही मी कधी हलवू दिलं नाही, चादर बदलताना पण जिथलं तिथे ठेवायला लावते. माणूस आजारी पडला, घाबरला की त्याच्या हाताला काहीतरी धरायला लागते आणि देवाने हात दिले आहेत तर देवाला हे समजत असेलच. तुझ्या आजीची शेवटी वाचा गेली होती, प्रार्थना म्हणता येत नव्हती, तो लाकडी क्रॉस मुठीत धरून पडून असायची. त्याला कोणी मूर्तिपूजा म्हटलं तर ते मला मान्य नाही, तुझ्या दादाला पण मी हे तोंडावर सांगीन.

पण एक फरक त्याने तुला सांगितला नाही आणि खरं म्हणजे त्याच्यासाठीच हे पत्र. मासा, नांगर, क्रॉस, नाताळची चांदणी ह्या आपल्या लोकांनी प्रेमाने काढलेल्या खुणा आहेत. पाणी, भाकर आणि प्याला मात्र येशूने स्वतः दिले. चेन एकट्याला घालता येते, मोबाइलचा वॉलपेपर एकट्याला लावता येतो, पण स्वतःचा बाप्तिस्मा स्वतःला देता येत नाही आणि प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमधे वाटून खातो ती भाकर कोणीतरी मोडून हातात द्यावी लागते, बाजूला माणसं लागतात, त्यातली काही न आवडणारी पण असतात. तू बोलताना म्हणून गेला की आजकाल उपासना लॅपटॉपवरच बघतो, रूमवरून. मला चेनपेक्षा ते जास्त लागलं. भिंतीवर क्रॉस नसलेल्या हॉलमधे बसला तर मला काळजी नाही, पण भाकरीशिवाय किती महिने राहिला बेटा?

२९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, सहा मंडळ्या एक झाल्या. त्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे होते, मोठेपणी कबुली देऊन पूर्ण पाण्यात उतरणारे होते, त्यातलीच एक मंडळी ब्रेदरेनवाले, ते तर एकत्र जेवायच्या प्रेमभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुणारे. ह्याच पाण्यावरून युरोपात माणसं मारली गेली, १५२७ मधे झुरिकला फेलिक्स मान्झला मोठ्या माणसांचा पुन्हा बाप्तिस्मा करतो म्हणून नदीत बुडवून मारलं. आणि इथे सगळ्यांनी बसून ठरवलं की दोन्ही चालेल. म्हणून तुझा बाप्तिस्मा बाळपणी झाला, तुझ्या मावशीने तिच्या मुलीचा थांबवला, आणि दोघी बहिणी आम्ही एकाच बाकावर बसतो. खुणेचा मान असा ठेवतात, मला तरी असं वाटते.

चांदणीचं तुला आवडेल. जर्मनीत नीस्की गावात मोरावियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत १८३० च्या दशकात भूमिती शिकवायला मुलांकडून कागदाची चांदणी करून घेत, तिथून ती नाताळात घराघरावर गेली. आपल्याकडे गॅलरीतल्या ज्या हुकला शेजारच्या काकूंनी दिलेला आकाशकंदील दिवाळीत लागते तिथेच डिसेंबरमधे ती लागते. काकूंचा नातू दरवर्षी विचारते की ही काहून लावता आणि मी दरवर्षी पहिल्यापासून सांगते. पवित्र शास्त्रात यहोशवा ४ मधे यार्देन नदीतले बारा धोंडे उचलून रचायला सांगितले ते पण ह्याचसाठी, पुढे पोरं विचारतील म्हणून. तुझ्या रूमवर विचारण्यासारखं काही आहे का?

चेन घालायची की नाही ते तू ठरव, आता मोठा झाला. फक्त ड्रॉवरमधे चार्जरच्या वायरीत गुंतवून ठेवू नको, डबीत ठेव, आजीची आहे.

आणि त्या दादाला विचार की तुमच्याकडे प्रभुभोजन कोणत्या रविवारी असते. नसेलच तर पुण्यात आपल्या मंडळीचं चर्च आहे, पाळकसाहेबांकडून नंबर घेऊन ठेवते. शनिवारपर्यंत कळव, बाबा पण विचारून राहिले.

तुझी,
आई